बुंधा वाचला, मुळं गेली

झाड वाचवायचं ठरलं की जगभरच्या नगरपालिका आधी टेप काढून बुंधा मोजतात. बर्लिनमध्ये जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर खोडाचा घेर ८० सेंटीमीटर भरला की पानझडी झाडाला शहराच्या नियमांचं संरक्षण मिळतं. सिंगापूरमध्ये वृक्षसंवर्धनासाठी राखलेल्या भागांत ही मर्यादा एक मीटर घेराची आहे. ब्रिटनमध्ये १९४७ च्या नगरनियोजन कायद्यापासून स्थानिक संस्था एखाद्या विशिष्ट झाडापुरताही संरक्षणाचा आदेश काढू शकतात. मग ते झाड कुणाच्या खासगी अंगणात असलं, तरी मालकाला परवानगीशिवाय त्याची फांदीही छाटता येत नाही.

पद्धत सोयीची आहे. बुंधा दिसतो, मोजता येतो, न्यायालयात पुरावा म्हणून मांडता येतो. पण जिथे असे नियम नीट राबवले जातात, तिथे झाडं कुऱ्हाडीने फारशी मरत नाहीत. ती मरतात केबलसाठी खणलेल्या चरामुळे, नव्या फूटपाथमुळे, शेजारच्या बांधकामावर महिनाभर ये-जा करणाऱ्या डंपरमुळे. बुंध्याला कुणी हातही लावलेला नसतो.

वर जेवढं झाड दिसतं तेवढंच खाली उलटं गेलेलं असतं, असं आपल्याला वाटतं. खरं म्हणजे बहुतेक झाडांची बरीचशी मुळं वरच्या अर्ध्या ते एक मीटर मातीतच असतात, आणि पाणी शोषणारी केसासारखी बारीक मुळं त्याहूनही वर. आडवी मात्र ती फांद्यांच्या घेराच्या कितीतरी बाहेर जातात. खाली न जाण्याचं मुख्य कारण प्राणवायू. प्रकाशसंश्लेषण पानांत होतं, मुळांना श्वास घ्यावा लागतो, आणि खोल मातीत हवा फारशी पोचत नाही.

चांगल्या मातीच्या आकारमानाचा जवळजवळ निम्मा भाग पोकळ्यांचा असतो. मोठ्या पोकळ्यांतून हवा खेळते आणि पावसाचं पाणी निचरतं, बारीक पोकळ्या पाणी धरून ठेवतात. जड वाहन मातीवरून गेलं की आधी दबतात त्या मोठ्या पोकळ्या. उरलेल्या बारीक पोकळ्या पावसानंतर पाण्याने भरून राहतात, आणि पाण्यातून प्राणवायूचा प्रसार हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी मंद असतो. मूळ पाण्यात उभं राहून गुदमरतं. शिवाय दबलेल्या मातीत त्याला वाटच काढता येत नाही: चिकणमातीची घनता दर घनसेंटीमीटरला दीड ग्रॅमच्या आसपास गेली, किंवा वाळूमिश्रित मातीची १.७ च्या पुढे गेली, की वाढ खुंटत जाते. यातली सगळ्यात गैरसोयीची गोष्ट अशी, की दाबाचं बहुतेक नुकसान पहिल्या दोन-चार फेऱ्यांतच होऊन जातं. ‘एकदाच गाडी आत घेतो’ ही विनंती म्हणून ऐकायला वाटते तेवढी निरुपद्रवी नाही.

आणि हे लगेच दिसत नाही. खोडात आणि उरलेल्या मुळांत साठवलेल्या पिष्टमय पदार्थांवर मोठं झाड काही वर्षं तग धरतं. पुढे शेंड्याकडच्या फांद्या वाळायला लागतात, पानं लहान येतात, एखादी बुरशी किंवा कीड दुबळेपणाचा फायदा घेते आणि कारण म्हणून तिचंच नाव नोंदवलं जातं. तोवर चर बुजून त्यावर पेव्हर ब्लॉक बसलेले असतात, ठेकेदाराची अनामत परत गेलेली असते. अमेरिकी वनसेवेतले अॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडं उभी चिरून दाखवलं होतं, की झाडाची जखम आपल्यासारखी बरी होत नाही. झाड त्या भागाभोवती रासायनिक भिंती घालून त्याला बंदिस्त करतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. आतला भाग खराब तो खराबच राहतो. तोडलेल्या जाड मुळाचंही तेच. तिथून कुज सुरू झाली, तर दहा वर्षांनी एखाद्या वादळात झाड मुळासकट आडवं होतं आणि दोष वाऱ्यावर जातो.

काही देशांनी म्हणूनच बुंध्यावरून मुळांचं क्षेत्र ठरवण्याचा नियम केला आहे. ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन मानकं सांगतात, की छातीच्या उंचीवर खोडाचा व्यास मोजा आणि त्याच्या बारा पट त्रिज्येचं वर्तुळ राखा. व्यास ५० सेंटीमीटर असेल तर त्रिज्या सहा मीटर, म्हणजे सुमारे ११३ चौरस मीटर जमीन. काम सुरू होण्याआधी या जागेला पक्कं कुंपण घालायचं, आत वाहन नाही, सिमेंटच्या गोण्या नाहीत, मातीचा ढीगही नाही. जर्मन मानक फांद्यांच्या घेराबाहेर आणखी दीड मीटर जागा मागतं. नियम ढोबळच आहेत. रस्त्याकडेचं मूळ वर्तुळात वाढत नाही, हवा आणि ओल सापडेल तिकडे जातं, आणि भर शहरात एका झाडासाठी ११३ चौरस मीटर मोकळे कुठून आणायचे? पण निदान मोजणीची नजर खोडावरून जमिनीकडे वळते, आणि अभियंत्याच्या नकाशावर झाड हा ठिपका न राहता एक क्षेत्र होतं. मग चर्चा करता येते: वाहिनी झाडाला वळसा घालून न्यायची, की मुळांच्या खालून आडवं भोक पाडून, की दाबाच्या हवेने माती उडवून मुळं न तोडता मधून. तिन्ही तंत्रं जुनी आणि सिद्ध आहेत. महाग पडतात, एवढाच आक्षेप असतो.

हा आक्षेप कुठवर जाऊ शकतो ते इंग्लंडमधल्या शेफील्डने दाखवलं. तिथल्या नगर परिषदेने २०१२ मध्ये रस्ते सुधारण्याचं २५ वर्षांचं कंत्राट दिलं. त्यात १७,५०० झाडं बदलण्याचा आकडा होता, म्हणजे रस्त्याकडेच्या एकूण झाडांपैकी जवळजवळ निम्मी. त्यांतली कित्येक झाडं निरोगी होती. गुन्हा एवढाच, की मुळांनी पदपथ उचलला होता, कडेचा दगड सरकवला होता. लोक रस्त्यावर उतरले, काहींना अटक झाली, २०१८ मध्ये तोड थांबली. २०२३ मध्ये आलेल्या स्वतंत्र चौकशीच्या अहवालाने परिषदेच्या कारभारावर कडक ताशेरे ओढले. कडेचा दगड कापून बारीक करणं किंवा पदपथाला लवचीक थर देणं, असे उपाय आधीपासून माहीत होते.

‘एकाच्या बदल्यात पाच लावू’ हा प्रशासनाचा आवडता तोडगा. हिशोबात तो भरघोस दिसतो. शिकागोच्या झाडांवर १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डेव्हिड नोवाक यांना आढळलं, की ७७ सेंटीमीटरहून जाड निरोगी झाड आठ सेंटीमीटरहून बारीक झाडाच्या साधारण ६० ते ७० पट प्रदूषण हवेतून काढतं, कारण हे काम पानांच्या एकूण पृष्ठभागावर चालतं. गारव्याचंही तसंच. पुरेशी ओल असेल तर मोठं झाड उन्हाळ्यातल्या एका दिवसात शंभर लिटर पाणी सहज वाफेच्या रूपात सोडतं, आणि तेवढ्या बाष्पीभवनाला सुमारे ६८ युनिट विजेइतकी उष्णता लागते. ती आसपासच्या हवेतून आणि उन्हातून जाते. त्यातही सुट्या झाडांपेक्षा सलग सावली जास्त कामाची: अमेरिकेतल्या मॅडिसन शहरात २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एका गल्लीएवढ्या परिसरावर झाडांचं छत्र ४० टक्क्यांच्या पुढे गेल्यावर दिवसाचा गारवा ठळकपणे वाढताना दिसला. पाच रोपं तिथवर पोचतील का? रस्त्याकडेच्या झाडांवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा २०११ मध्ये घेतला गेला, त्यात सरासरी आयुर्मान १९ ते २८ वर्षं निघालं. म्हणजे बरीच झाडं खरी उपयोगी पडण्याच्या वयालाच जातात. दगड-सिमेंटने वेढलेल्या बादलीएवढ्या आळ्यात रोप लावलं, तर वेगळं काही होण्याचं कारण नाही.

मेलबर्नने याबाबत बरंच जमवलं आहे. दीर्घ दुष्काळानंतर तिथल्या महापालिकेने पाहणी केली, तेव्हा वीस वर्षांत ३९ टक्के झाडं आयुष्याच्या अखेरीला येतील असा अंदाज निघाला. २०१२ च्या धोरणात २०४० पर्यंत सार्वजनिक जागेवरचं छत्र २२ वरून ४० टक्क्यांवर नेण्याचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. एका जातीची झाडं पाच टक्क्यांहून जास्त नकोत, एका प्रजातीची (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाची) दहा, एका कुळाची (अशा अनेक गटांच्या मोठ्या घराण्याची) वीस, असंही ठरलं. अमेरिकेत २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ सापडलेल्या एका हिरव्या भुंग्याने पुढे अ‍ॅश वृक्षांचे रस्तेच्या रस्ते बोडके केले, ते ज्याने पाहिलं असेल त्याला या टक्केवारीचं कारण सांगावं लागत नाही. मेलबर्नमध्ये झाड काढायचंच असेल, तर तोडीच्या खर्चाबरोबर झाडाची शोभा, त्याचं पर्यावरणीय काम आणि नव्या लागवडीचा खर्चही भरावा लागतो. प्रत्येक झाडाला क्रमांक आणि तक्रारीसाठी ईमेल पत्ताही दिला गेला. लोकांनी त्यावर झाडांना प्रेमपत्रं पाठवली. हे लोभसच, पण मला ती शुल्काची तरतूद जास्त आवडते.

उद्यानांचा प्रश्न जरा वेगळा आहे. तिथे माती दाबतात ती माणसं, आणि जागा असते त्यांच्याचसाठी. न्यूयॉर्कने २००४ मध्ये सेंट्रल पार्कच्या मोठ्या हिरवळीवर युद्धविरोधी सभेला परवानगी नाकारली, कारण दिलं गवताचं. प्रकरण न्यायालयात गेलं. माझ्या मते तिथे गवत पुढे करणं चूक होतं. हिरवळीची माती पोकळ करून पुन्हा पेरता येते, काही महिन्यांत ती सावरते. शंभर वर्षांच्या झाडाची मुळं तशी पेरता येत नाहीत. उद्यानाचे नियम करताना हा फरक पाळला, तर लोकांना बरीच जागा मोकळी ठेवता येईल आणि कुंपण फक्त झाडांच्या बुडाशी लागेल.

स्टॉकहोमने याच्या पुढचं पाऊल टाकलं आहे. तिथे रस्त्याखालीच मोठ्या फोडलेल्या दगडांचे थर घालतात आणि त्यांत मातीबरोबर बायोचार, म्हणजे कमी हवेत जाळलेल्या वनस्पतींचा कोळसा, मिसळतात. वाहनांचा भार दगड एकमेकांवर पेलतात आणि मधल्या फटी मुळांसाठी मोकळ्या राहतात. पावसाचं पाणी गटारात न जाता याच थरांत मुरवलं जातं. शहरातल्या मरगळलेल्या जुन्या झाडांभोवती ही रचना केल्यावर त्यांतली कित्येक पुन्हा जोमाने वाढू लागली. म्हणजे तिथे मुळांची जागा रस्त्याच्या बांधणीचाच भाग झाली आहे.