शॉकअपचे काम झाल्यावर गाडी का बिघडते?

शॉकअपचे ऑइल सील (तेल गळू न देणारी रबरी कडी) बदलले, कोनसेट (हँडल ज्यावर फिरते तो बेअरिंगचा संच) नवा बसवला, चेन ताणून घेतली आणि गॅरेजच्या दारात गाडी व्यवस्थित चालली; परंतु सातारहून कासकडे निघाल्यावर यवतेश्वरच्या घाटात हँडल जड लागू लागले, किंवा गाडी वळणात सरळच जाऊ पाहू लागली, अशी तक्रार दुचाकीस्वार नेहमी करतात. अशा वेळी पहिला संशय नव्या सुट्या भागावर जातो. तो कधीकधी खराही ठरतो. मात्र दुरुस्तीनंतर लगेच उद्भवलेल्या दोषाचे मूळ बहुधा भागात नसते, तर तो बसवताना बदललेल्या मापात, घट्टपणात किंवा समांतरपणात असते.

शॉकअपमध्ये स्प्रिंग आणि तेल यांची कामे वेगळी आहेत. खड्ड्याचा धक्का बसताच स्प्रिंग दबते आणि ऊर्जा साठवते; ती ऊर्जा परत देताना गाडी वरखाली नाचत राहू नये, म्हणून तेलाला बारीक छिद्रांतून जाण्यास भाग पाडले जाते आणि त्या घर्षणात ऊर्जेची उष्णता होते. तेल मूळ दर्जापेक्षा घट्ट भरले गेले, तर ते छिद्रांतून सावकाश सरकते आणि दबलेला शॉकअप उघडण्यास उशीर लावतो. एकाच खड्ड्यात हे फारसे जाणवत नाही. महामार्गावरील रम्बलरच्या सलग पट्ट्यांवर मात्र पहिल्या पट्टीनंतर शॉकअप पुरता उघडण्यापूर्वीच दुसरी पट्टी येते, दुसरीनंतर तिसरी, आणि प्रत्येक वेळी दबण्यासाठी उरलेली जागा कमी होत जाते. चालकाला वाटते की स्प्रिंग कडक बसली. प्रत्यक्षात शॉकअप खाली दबलेलाच राहिलेला असतो.

तेलाच्या दर्जाइतकेच त्याचे माप महत्त्वाचे आहे, आणि माझ्या मते सर्वाधिक हयगय याच बाबतीत होते. पुढच्या शॉकअपच्या नळीत तेलाच्या वर हवा कोंडलेली असते व तीही स्प्रिंगसारखीच काम करते. हिशेबापुरते समजा, शॉकअप उघडा असताना हवेचा स्तंभ 160 मिमी उंच आहे आणि शॉकअप 120 मिमी दबतो. तापमान स्थिर धरले, तर बॉइलच्या नियमानुसार (हवेची जागा जितक्या पटीने घटते, तितक्या पटीने दाब वाढतो) हवेचा दाब चौपट होतो. आता तेल जास्त पडल्यामुळे तोच स्तंभ 140 मिमीचा झाला, तर दाब सातपट होतो. आतून 28 मिमी व्यासाच्या नळीत हा 20 मिमीचा फरक जेमतेम 12 मिली तेलाचा, म्हणजे अडीच चहाच्या चमच्यांचा असतो. म्हणून तेल अंदाजाने ओतू नये; दोन्ही नळ्यांत ते मोजूनच आणि सारखेच भरावे. जादा दाबाचा भार शेवटी त्या नव्या सीलवरच येतो आणि ते पुन्हा गळू लागते.

हँडलच्या कोनसेटचा दोष मात्र वेगळ्या प्रकारे कळतो. चालणारी दुचाकी ज्या बाजूला कलते, त्या बाजूला पुढचे चाक आपोआप किंचित वळते आणि तोल सावरला जातो. कोनसेट गरजेपेक्षा जास्त आवळला की ही बारीक हालचाल अडकते, त्यामुळे सातारच्या पोवई नाक्यासारख्या गर्दीत संथ चालवताना गाडी लहरू लागते. तो ढिला राहिला, तर पुढचा ब्रेक दाबताच हँडलपाशी 'खट्' असा आवाज येतो. तपासणी सोपी आहे. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन पुढचे चाक अधांतरी करावे. हलका धक्का देताच हँडल मध्यावरून दोन्ही बाजूंना सहज पडले पाहिजे, आणि शॉकअपची खालची टोके धरून पुढेमागे ओढली असता खेळ जाणवता कामा नये.

चाक काढले असेल, तर नट कोणत्या क्रमाने आवळले हेही पाहावे. एक्सल आवळल्यावर पुढचा ब्रेक धरून शॉकअप चार-पाच वेळा दाबून सोडावा आणि मगच एक्सल पकडून ठेवणाऱ्या क्लॅम्पचे बोल्ट घट्ट करावेत, म्हणजे दोन्ही नळ्या आपापल्या जागी समांतर बसतात. एरवी त्या तिरक्याच जखडल्या जातात आणि शॉकअप अडकत अडकत हलतो.

मागे चेन ताणताना दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर सारखे फिरले नाहीत, तर मागचे चाक तिरके बसते. स्विंग आर्मवरील (मागचे चाक धरणाऱ्या दांड्यांवरील) खुणांवर पूर्ण विसंबू नये. लांब दोरी मागच्या टायरच्या पुढच्या व मागच्या कडेला टेकवून, जमिनीपासून वीतभर उंचीवर पुढच्या चाकापर्यंत ताणावी. दुसऱ्या बाजूलाही तसेच करावे. हँडल सरळ असताना पुढच्या टायरपासून दोन्ही दोऱ्यांचे अंतर सारखे भरले पाहिजे. अर्थात, गाडी एका बाजूला ओढते म्हणजे दुरुस्तीच चुकली, असे नव्हे. सातारच्या महाराष्ट्र स्कूटर्समध्ये बनणाऱ्या प्रिया स्कूटरचे इंजिनच उजव्या अंगाला असल्याने वजन तिकडे अधिक पडत असे.

तपासणीची सुरुवात थंड टायरमधील हवेपासून करावी, त्यानंतर जो भाग शेवटी उघडला होता तो पाहावा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून मोकळ्या, सपाट रस्त्यावर कमी वेगात चाचणी घ्यावी. चाचणीत हँडल वेगाने थरथरू लागले, तर ब्रेक जोरात दाबू नये आणि हँडल करकचून धरू नये. थ्रॉटल हळूहळू सोडून गाडी कडेला घ्यावी व कोनसेट, चाकाचे बेअरिंग आणि टायर पाहिल्याशिवाय पुन्हा वेग घेऊ नये.