सही दिली म्हणजे सहभाग झाला का?

आमच्या बिल्डिंगच्या रिडेव्हलपमेंटची मीटिंग तीन तास चालली, कार्पेट एरिया, कॉर्पस (बिल्डर सभासदांना देतो ती एकरकमी रक्कम), भाडं, परत कार्पेट एरिया. शेवटी एका आजींनी विचारलं, नव्या बिल्डिंगमध्ये माझ्या शेजारी कोण असणार? सगळे हसले. खरं तर मुद्द्याचा प्रश्न तोच होता.

अमेरिकेत बोस्टनची वेस्ट एंड नावाची कामगार वस्ती, बरीचशी इटालियन कुटुंबं, 1958 पासून पाडली, कागदोपत्री ती 'झोपडपट्टी' होती, लोकांना विचारलं कोणी नाही. मार्क फ्रीड या मानसशास्त्रज्ञाने नंतर त्यांच्या मुलाखती घेतल्या आणि 1963 मध्ये जे छापलं त्यात सरळ 'शोक' हाच शब्द वापरला, घरातलं माणूस गेल्यावर होतो तसा. 26 टक्के बायका दोन वर्षांनीही उदासच होत्या. ज्यांच्या वस्तीत ओळखी जास्त त्यांना त्रासही जास्त. कारण डोक्यात दोन नकाशे असतात, एक गल्लीबोळांचा आणि एक माणसांचा, आणि इथे दोन्ही एकदमच पुसले गेले.

मग लोकांना सामील करून घेतल्याने काय फरक पडतो? एखादी गोष्ट 'माझी' वाटायला सातबारा लागतोच असं नाही, तिच्यावर आपलं थोडंफार चालत असेल, तिची आतबाहेर माहिती असेल आणि आपण तिच्यात काहीतरी घातलं असेल तर ती आपली वाटायला लागते. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलची बायकर वस्ती पाडून नव्याने बांधायची होती, तेव्हा आर्किटेक्ट राल्फ अर्स्किनने ऑफिस थाटलं ते वस्तीतच, अंत्यविधीचं काम करणाऱ्याच्या जुन्या दुकानात (जागा बघा!), म्हणजे कोणीही आत डोकावून बोलून जावं. आधी 46 घरांची चाचणी केली, त्यांचा आराखडा तिथे राहायला येणाऱ्यांशी बोलून ठरवला. तरी काम 1980 च्या पुढे रेंगाळलं आणि जुन्यांपैकी 20 टक्केसुद्धा लोक तिथे उरले नाहीत, म्हणजे नुसत्या गप्पा पुरत नाहीत, वेळेत तिथेच घरही मिळावं लागतं.

आपल्याकडे सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटला 51 टक्के सभासदांची संमती लागते, ती मिळाली की 'लोकसहभाग' झाला असं धरतात. पण सही असते हो किंवा नाही, जिना कुठे आणि शेजारी कोण हे त्यात येतच नाही. आमच्याकडे फ्लॅट लॉटरीने मिळणार आहेत. मी सुचवलंय की चार-चार शेजाऱ्यांनी मिळून एकच चिठ्ठी टाकावी, मजला नशिबाने, शेजार मात्र आपला. कमिटी म्हणते बिल्डरला विचारून सांगतो.