मैफल अर्ध्यावर सोडून उठणारा श्रोता: एक पार्श्वभूमी

१६ डिसेंबर १८७७ रोजी व्हिएन्नामध्ये ऑस्ट्रियन संगीतकार अंतोन ब्रुकनरची तिसरी सिंफनी प्रथमच वाजवली गेली. वादकवृंदाचे संचालन योहान हर्बेक करणार होते, परंतु त्यांचे ऑक्टोबरमध्येच निधन झाले. त्यामुळे ऑर्गनवादक म्हणून नावाजलेला, पण संचालक म्हणून कच्चा असलेला ब्रुकनर स्वतःच वादकांपुढे उभा राहिला. कार्यक्रम पुढे सरकू लागला तसे लोक उठून जाऊ लागले आणि शेवटचा भाग संपला तेव्हा सभागृहात मोजकेच श्रोते उरले होते. त्यांत पुढे संगीतकार म्हणून गाजलेला, तेव्हा सतरा वर्षांचा गुस्ताव मालर होता आणि थिओडोर रेटिग नावाचा एक प्रकाशकही होता. सभागृह रिकामे होताना पाहूनही या प्रकाशकाने ती रचना छापण्याची तयारी दाखवली. जे उठून गेले ते रसिक नव्हते असे म्हणता येणार नाही. त्यांना ते संगीत लांबलेले, विस्कळीत आणि अनोळखी वाटले, आणि हा आपला निकाल त्यांनी उठून जाऊन दिला. मात्र त्यांच्यापैकी कोणाचेही कान दुखले नव्हते, ही गोष्ट या विषयाच्या इतिहासात महत्त्वाची आहे. श्रोत्याच्या उठून जाण्याला जुने कारण अपेक्षाभंगाचे आहे. आवाजाचे कारण त्यामानाने फार अलीकडचे असून ते कोठून आले हे पाहिल्याशिवाय, ध्वनिवर्धकाचा आवाज सहन न होऊन श्रोता मैफल अर्ध्यावर सोडतो हा आजचा प्रश्न नीट समजत नाही.

अपेक्षाभंगाची परंपरा पुढेही अखंड चालू राहिली. २९ ऑगस्ट १९५२ रोजी न्यूयॉर्क राज्यातील वुडस्टॉक येथे डेव्हिड ट्यूडर पियानोसमोर साडेचार मिनिटे काहीही न वाजवता बसून राहिला. अमेरिकी संगीतकार जॉन केजची ती रचनाच तशी, शांततेची होती आणि तिच्या वेळी काही श्रोते बाहेर पडले. ८ जुलै २०१७ रोजी लंडनच्या वेम्ब्ली येथे ए. आर. रहमान यांच्या कार्यक्रमातून काही हिंदीभाषक श्रोते मध्येच निघून गेले आणि तमिळ गाणी फार झाली अशी तक्रार करून त्यांनी तिकिटाचे पैसे परत मागितले. कार्यक्रमाचे शीर्षकच तमिळ होते, हे लक्षात घेतले तर ती तक्रार मला न्याय्य वाटत नाही. तरीही ती कोणत्या स्वरूपाची होती याविषयी संदिग्धता नाही. श्रोता एक अपेक्षा घेऊन आला होता, समोर वेगळे काही आले आणि तो उठला.

महाराष्ट्रातील मैफलीच्या रिवाजात उठण्याला आणखी एक छटा होती. रात्रभर चालणाऱ्या कार्यक्रमात श्रोत्याने एका जागी खिळून बसावे अशी अपेक्षाच नसे. एका कलावंताचे गाणे संपले की चहासाठी बाहेर पडायचे, दुसरा कलावंत बसला की परत यायचे, यात कोणाचा अपमान मानला जात नसे. गाणे रंगात असताना, राग उलगडत असताना उठणे मात्र खटके. सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ पंडित भीमसेन जोशी यांच्या पुढाकाराने १९५३ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या महोत्सवात पहाटेपर्यंत बसणारे श्रोते याच सवयीत वाढलेले होते. सवाई गंधर्व ज्यांचे शिष्य, त्या अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज बारीक, कोमल आणि नाजूक होता. अशा आवाजाकडे श्रोत्याला स्वतःचे कान न्यावे लागत. आवाज आपण होऊन श्रोत्यावर चालून येत नसे. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’पासून बहरलेल्या संगीत रंगभूमीवरही कित्येक दशके ध्वनिक्षेपक नव्हता. शेवटच्या रांगेपर्यंत पद पोहोचवणे हे नटाच्या गळ्याचे आणि नाट्यगृहाच्या बांधणीचे काम होते. मागच्या प्रेक्षकाला ऐकू आले नाही तर तो कुरकुर करी. आवाज सहन होत नाही म्हणून उठण्याची वेळ त्याच्यावर येणे मात्र शक्यच नव्हते, कारण मानवी गळा, ऑर्गन आणि तबला यांना निसर्गानेच मर्यादा घालून दिली होती.

ती मर्यादा विजेने मोडली. २४ डिसेंबर १९१५ रोजी सान फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलसमोर पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनी आपला विजेवर चालणारा कर्णा हजारो लोकांसमोर वाजवून दाखवला. १९२० च्या दशकाच्या मध्यावर चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी तयार केलेली ध्वनिवर्धकाची रचना मूळ स्वरूपात आजही वापरात आहे. पहिली काही दशके या यंत्राचे काम माफक होते: भाषण दूरवर पोहोचवणे आणि गाणाऱ्याला वाद्यवृंदापेक्षा थोडे वर आणणे. दूर बसलेल्याला ऐकू यावे या रास्त गरजेपोटी ध्वनिवर्धक संगीतात आला, हे त्याच्यावर टीका करतानाही विसरता कामा नये.

१९६५ हे वर्ष या कहाणीत निर्णायक ठरले. १५ ऑगस्टला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्सपुढे सुमारे ५५,६०० लोक जमले. वादकांच्या हाताशी शंभर वॅटचे अ‍ॅम्प्लिफायर होते आणि त्याखेरीज मैदानातील ध्वनियंत्रणा होती, जी मुळात बेसबॉलच्या सामन्यातील घोषणांसाठी बसवलेली होती. किंकाळ्यांपुढे हे सारे इतके तोकडे पडले की मंचावरच्या चौघांनाही आपण काय वाजवतो आहोत हे धड ऐकू येईना. ऑगस्ट १९६६ नंतर त्यांनी दौरे कायमचे थांबवले, त्यामागच्या कारणांत हेही एक होते. शे स्टेडियममधील कार्यक्रमाआधी तीनच आठवडे, २५ जुलै १९६५ रोजी, अमेरिकेतील न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात गायक बॉब डिलनने विजेची गिटार आणि साथीदार घेऊन तीन गाणी सादर केली आणि श्रोत्यांतून हुर्यो उठली. हुर्यो कशासाठी होती यावर आजतागायत वाद आहे. लोकसंगीताशी प्रतारणा झाली म्हणून, कार्यक्रम फार लवकर आटोपला म्हणून, की आवाज इतका फाटत होता की शब्दच कळत नव्हते म्हणून? ज्येष्ठ लोकगायक पीट सीगर यांनी पुढे आपल्या संतापाचे कारण हे शेवटचेच सांगितले. अपेक्षाभंग आणि आवाज ही दोन कारणे एकमेकांत इतकी गुंतलेली प्रथम दिसतात ती इथे, आणि ती गुंतागुंत आजही सुटलेली नाही. आवाजाला कंटाळून उठलेल्या माणसाला ‘त्याला हे संगीत कळत नाही’ असे सहज म्हटले जाते, ते यामुळेच.

पुढची दहा वर्षे शक्तीच्या शर्यतीची होती. लंडनच्या जिम मार्शल यांनी ‘द हू’ या वाद्यवृंदाच्या मागणीवरून शंभर वॅटचे अ‍ॅम्प्लिफायर तयार केले आणि ध्वनिवर्धकांच्या पेट्या एकावर एक चढू लागल्या. ३१ मे १९७६ रोजी लंडनमधील चार्लटनच्या फुटबॉल मैदानावर याच वाद्यवृंदाचा आवाज ध्वनिवर्धकांपासून ३२ मीटर अंतरावर १२६ डेसिबल भरला आणि जगातील सर्वांत मोठ्या आवाजाचा कार्यक्रम म्हणून त्याची गिनीज बुकात नोंद झाली. त्या वाद्यवृंदाचा गिटारवादक पीट टाउनशेंड याची श्रवणशक्ती पुढे खालावली, कानांतील सततच्या नादाने तो त्रस्त झाला आणि त्याविषयी त्याने उघडपणे बोलून इतरांना सावध केले. कालांतराने गिनीजनेही हा विक्रम नोंदवणे बंद केले, कारण अशा नोंदीमुळे लोकांचे कान बिघडवण्याला उत्तेजन मिळते.

याच काळात एक वेगळा प्रयत्नही झाला आणि तो मला या सगळ्या इतिहासातील सर्वांत उमदा प्रयत्न वाटतो. १९७४ मध्ये ‘ग्रेटफुल डेड’ या अमेरिकी वाद्यवृंदाने सुमारे ६०० ध्वनिवर्धकांची भिंत वादकांच्या पाठीमागे उभी केली. प्रत्येक वाद्याला त्या भिंतीत स्वतंत्र जागा होती, त्यामुळे एकाचा स्वर दुसऱ्यात मिसळून गढूळ होत नसे, आणि श्रोत्यांना जे ऐकू येई तेच वादकांनाही ऐकू येई. या व्यवस्थेची ताकद प्रचंड होती, परंतु तिचा हेतू स्पष्टतेचा होता. ती उभारण्याचा आणि वाहून नेण्याचा खर्च न परवडल्याने वर्षअखेरीपूर्वीच ती मोडीत निघाली. मोठ्या आवाजाची शर्यत मात्र त्यापेक्षा पुष्कळ स्वस्त असल्याने चालू राहिली.

आवाज वाढत का जातो, याची कारणे ध्वनिशास्त्रात आहेत तशी माणसाच्या कानातही आहेत. साध्या ध्वनिवर्धकापासूनचे अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागेत आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. शेवटच्या रांगेला पुरेसे ऐकू यावे म्हणून यंत्र वाढवले की त्याची किंमत पहिल्या रांगा चुकवतात, आणि महागडी तिकिटे बहुधा तिथलीच असतात. दुसरे कारण असे, की आवाज वाढला की कानाला खर्जातले आणि अतितारतेचे स्वर तुलनेने अधिक भरीव जाणवतात. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवले होते. त्यामुळे थोडा मोठा केलेला आवाज क्षणभर ‘चांगला’ वाटतो. तिसरे कारण सर्वांत घातक आहे. सतत मोठा आवाज ऐकणारा कान तात्पुरता बधिर होतो, आणि मिक्सरवर, म्हणजे सर्व आवाजांची पातळी ठरवणाऱ्या यंत्रावर, बसलेल्या ध्वनितंत्रज्ञाचा कान याला अपवाद नसतो. तासाभरानंतर त्याला आवाज कमी वाटू लागतो, तो पट्टी किंचित वर सरकवतो, आणि कार्यक्रम संपताना पातळी सुरुवातीपेक्षा बरीच वर गेलेली असते. गायक-वादकांना स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून मंचावर ठेवलेले मॉनिटर नावाचे ध्वनिवर्धक त्यात आणखी भर घालतात.

१९९० च्या दशकाच्या आरंभी फ्रान्समधील क्रिस्तियां हाइल यांनी, कमानीसारख्या टांगलेल्या ध्वनिवर्धकांच्या माळा प्रत्यक्षात आणल्या. अशा माळेचा आवाज ठरावीक टप्प्यापर्यंत अंतराबरोबर हळू उतरतो. त्यामुळे पुढच्या आणि मागच्या रांगांतील तफावत पुष्कळ कमी करता येते. ज्या गरजेपोटी आवाज वाढला होता तिचे बरेचसे उत्तर यंत्राने दिले होते. तरीही आवाज उतरला नाही, कारण तोपर्यंत छातीत धडधडणारा खर्ज हाच मोठ्या कार्यक्रमाचा पुरावा मानला जाऊ लागला होता. हजार-बाराशे खुर्च्यांच्या सभागृहात, जिथे गळा आणि तबला थोड्याशा आधाराने शेवटपर्यंत पोहोचू शकतात, तिथेही ही सवय शिरली. डग्ग्याचा घुमारा गायकाच्या खर्जावर चढतो, तानपुऱ्याचे गुंजन यंत्राच्या गुणगुणीसारखे होते आणि मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग जाणारी नाजूक ओढ, ऐकायला आलेला श्रोता मध्यंतरातच निघून जातो. त्याचे निघून जाणे हा गायकाविषयीचा निकाल असतोच असे नाही. कित्येकदा ज्याच्यासाठी तो आला तेच त्याला ऐकायला मिळालेले नसते.

मोठा आवाज हाच कलेचा भाग असू शकतो, हेही मान्य करायला हवे. ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’ हा आयरिश-इंग्रजी वाद्यवृंद २००८ मध्ये पुन्हा एकत्र आला, तेव्हा त्याने आपल्या कार्यक्रमांत श्रोत्यांना कानांत घालायचे बोळे वाटले. आवाज कमी करणार नाही, पण तो किती आहे हे आधी सांगू आणि कान वाचवण्याचे साधनही देऊ, अशी ती भूमिका होती. तिच्यात श्रोत्याचा मान राखला जातो.

शरीराच्या बाजूने पाहिले तर हिशेब कठोर आहे. कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेसाठी अमेरिकेतील ‘नायॉश’ या संस्थेने ८५ डेसिबल आवाजात आठ तास ही मर्यादा सुचवली आहे, आणि दर ३ डेसिबलच्या वाढीला हा वेळ निम्मा होतो. या हिशेबाने १०० डेसिबलला पंधरा मिनिटे पुरतात. आतल्या कानातील केसांसारख्या सूक्ष्म पेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. कार्यक्रमानंतर कानांत शिट्टी वाजणे, बोलणे कापसातून आल्यासारखे ऐकू येणे ही त्या पेशींवर ताण आल्याची खूण असते. पहिल्या अर्ध्या तासात अस्वस्थ होऊन उठणाऱ्या माणसाचे शरीर त्याला योग्य तेच सांगत असते.

कायद्याने या माणसाची दखल उशिरा घेतली. फ्रान्सने १९९८ मध्ये ध्वनिवर्धित संगीताच्या बंदिस्त जागांसाठी १०५ डेसिबलची मर्यादा आणली. २०१७ च्या आदेशाने ती १५ मिनिटांच्या सरासरीवर १०२ वर आली, खर्जासाठी वेगळे मोजमाप ठरले आणि श्रोत्यांना कानांचे बोळे मोफत देणे बंधनकारक झाले. मार्च २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने असे कार्यक्रम भरणाऱ्या ठिकाणांसाठी मानके जाहीर केली. सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा, पातळीचे सतत मोजमाप, कानांचे संरक्षण आणि कान विसावण्यासाठी शांत जागा यांचा त्यांत समावेश आहे. वर दिलेल्या हिशेबाशी ताडून पाहिले तर दोन-अडीच तासांच्या कार्यक्रमाला ही मर्यादाही सैलच म्हणावी लागेल.

भारतात २००० चे ध्वनिप्रदूषण नियम आणि १८ जुलै २००५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिवर्धकाला बंदी घातली. वर्षातील मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्याला आहे. पुण्यातील सवाईच्या रात्रभर चालणाऱ्या बैठका याच काळात दिवसाकडे सरकल्या. ३० एप्रिल २०२३ रोजी पुण्यातच रहमान यांचा कार्यक्रम दहा वाजताच पोलिसांनी मंचावर येऊन थांबवला. हे नियम आवश्यक आहेत आणि शेजारी झोपलेल्या आजारी माणसाला किंवा परीक्षेच्या विद्यार्थ्याला त्यांचा आधार आहे. परंतु त्यांतील मोजमाप कार्यक्रमाच्या जागेच्या सीमेवर होते. सीमेवरचा आवाज परिसराच्या ठरलेल्या पातळीपेक्षा १० डेसिबलहून अधिक किंवा ७५ डेसिबलहून अधिक, यांपैकी जे कमी असेल त्याच्या वर जाऊ नये असा तो नियम आहे. रात्रीच्या बंदीतून बंदिस्त सभागृहे वगळलेली आहेत. कुंपणाबाहेरच्या कानांची मर्यादा अशी लिहिलेली आहे. कुंपणाच्या आत, ध्वनिवर्धकाच्या माळेसमोर तिकीट काढून बसलेल्या श्रोत्याच्या कानांसाठी या नियमांत एकही आकडा नाही. तिथे किती डेसिबल आहे हे मोजणे, फलकावर दाखवणे किंवा त्याच्या हाती बोळे देणे आयोजकावर बंधनकारक नाही. आवाज सहन न होणाऱ्या श्रोत्यापुढे मध्यंतरात मिक्सरपाशी जाऊन विनंती करणे किंवा दाराकडे वळणे, एवढेच दोन मार्ग उरतात, आणि बहुतेक श्रोते दुसरा मार्ग धरतात.