रचना पूर्ण झाली का? : बंदिश आणि स्कोअर

मामांच्या एका कार्यक्रमाच्या पत्रिकेवर आयोजकांनी 'सुप्रसिद्ध संगीतकार' असं छापलं होतं. मामा आयुष्यभर ख्याल गात आणि शिकवत आले, पन्नासेक बंदिशीही त्यांनी बांधल्या. कार्यक्रमानंतर चहाच्या टेबलापाशी एका गृहस्थांनी अगदी अदबीनं विचारलं, "कुठल्या पिक्चरला म्यूझिक दिलंत आपण?" मामांनी गजकचा, म्हणजे तिळाच्या वडीचा, तुकडा तोंडात टाकला आणि हात जोडले. गजक दातात अडकली की बोलता येत नाही, ही ग्वाल्हेरकरांची मोठी सोय आहे.

तो घोटाळा तसा सोपा होता. खरा घोटाळा घरातच झाला. माझी मुलगी पाश्चात्त्य पद्धतीचं कंपोझिशन शिकते. हिवाळ्याच्या सुट्टीत ती ग्वाल्हेरच्या दाणाओळीतल्या आजोळच्या घरी आली, तेव्हा तिच्या लॅपटॉपवर एक स्ट्रिंग क्वार्टेट अर्धवट होतं आणि मामांच्या वहीत बिहाग रागातली एक बंदिश. दोघंही आपापल्या कामाला 'रचना' म्हणत होते. जेवताना मामांनी विचारलं, "तुझं काम कुठवर आलं गं?"

"सहा मिनिटं झाली मामाआजोबा, आठ राहिली. तुमचं?"

मामा घास हातात धरून विचारात पडले. मिनिटांत सांगायचं म्हणजे काय, हे त्यांना कळेना. आणि बंदिश बांधून झाली असूनही आजोबा "बघू" का म्हणतात, हे तिला कळेना.

शब्द एकच असल्यानं होतं हे. रचना, रचनाकार, स्वररचना हे शब्द आपण दोन्हीकडे वापरतो. पण कामं वेगळी आहेत, आणि त्यांचं अर्धवट असणंही वेगळं आहे.

आधी मुलीचं काम. क्वार्टेट म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो. वाजवणारे चौघं तिला ओळखतीलच असं नाही. त्यांच्या हाती तिचा कागद पडेल आणि त्यावरून त्यांना सगळं कळलं पाहिजे: स्वर, लय, कुठे हळू, कुठे जोरात, गज कुठे उलटा फिरवायचा, कुठे तार बोटानं छेडायची. चौघांचं एकाखाली एक मांडलेलं, ते स्कोअर. शिवाय प्रत्येकाला त्याच्यापुरता वेगळा कागद, तो पार्ट. ऑर्केस्ट्रा असेल तर असे कित्येक पार्ट, आणि त्यात एकेका वाद्याच्या खोडी. बी-फ्लॅट क्लॅरिनेटचंच घ्या. त्याच्या कागदावर सा लिहिला की ऐकू येतो त्याखालचा कोमल नी. म्हणजे जो स्वर हवा, त्याच्याहून एक पूर्ण स्वर वर लिहायचा. हे ऐकून मामा पोट धरून हसले. "म्हणजे लिहितानाच बेसूर लिहायचं!"

म्हणून 'सहा मिनिटं झाली' हे तिचं उत्तर बरोबर होतं. पुढच्या आठ मिनिटांचे रकाने खरोखरच कोरे होते. तिथे काय येणार याची टिपणं होती, पण चेलोवाल्याला टिपणं देऊन भागत नाही. या लोकांचं अर्धवट काम आता बहुतेक संगणकातच असतं, त्यामुळे त्याला एक नवी काळजीही चिकटली आहे. १९८८ मध्ये आलेलं 'फिनाले' हे स्वरलेखनाचं नावाजलेलं सॉफ्टवेअर ऑगस्ट २०२४ मध्ये बंद झाल्याचं जाहीर झालं, तेव्हा जगभरच्या रचनाकारांना अर्धवट कामं दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हलवण्याची चिंता लागली. मामांची वही दोनशे पानी आणि पेन्सिल एचबी. तिला वाळवीशिवाय कुणाची भीती नाही.

आता त्या वहीकडे वळू, कारण आपल्याच घरातली गोष्ट आपण कमी नीट बघतो.

एका पानावर पाच-सहा ओळी: स्थायी, अंतरा, खाली ताल: तीनताल, सोळा मात्रांचा. लिपी भातखंड्यांची, म्हणजे कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली टिंब, तार स्वरावर टिंब. काम एवढंच दिसतं. पण नुसत्या मुखड्यावर, म्हणजे समेवर आणून सोडणाऱ्या सुरुवातीच्या तुकड्यावर, मामांनी तीन आठवडे घालवले होते. पहिला मुखडा असा होता: 'देखूं बाट अटा चढ'. उठाव 'खाली'वरून, म्हणजे जिथे टाळी नसते त्या नवव्या मात्रेला. आठ मात्रा मोजल्या की समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येतो 'अटा'मधला 'अ'. ऱ्हस्व. समेला येऊन टेकावं आणि पाटच नसावा, तसं. गाणाऱ्याला तिथे सूर लावायला जागाच मिळत नाही. मग मामांनी शब्द फिरवले: 'अटा चढ देखूं बाट'. आता सम 'बा'वर. लांबवायला 'आ'कार मिळाला, बिहागचा गंधार मिळाला, आणि 'प म॑ ग म ग' असं उतरत तिथे येता येऊ लागलं. शब्द तेच, अर्थ तोच, पण बंदिश दुसरी.

शब्द कुणाचे? मामांचेच. हा फरक सहसा ध्यानात येत नाही. शारंगदेवानं तेराव्या शतकात वाग्गेयकाराची लक्षणं सांगताना शब्दाला 'मातु' आणि स्वराला 'धातु' म्हटलं. दोन्ही बांधतो तो वाग्गेयकार. म्हणूनच बंदिशीत मुद्रा येते: फैयाज खाँसाहेबांची 'प्रेमपिया', रातंजनकरांची 'सुजन', सी. आर. व्यासांची 'गुणीजान', रामाश्रय झांची 'रामरंग', अमीर खाँसाहेबांची 'सुररंग'. गाणं कुठेही गेलं तरी सही आतच असते. स्कोअरवर सही मुखपृष्ठावर असते, आणि शब्द लागले तर ते बहुधा दुसऱ्याचे घेतात.

मामांची बंदिश झाली होती का, तर मुलीच्या मापानं झाली होती. कोरा रकाना एकही नव्हता. मामांच्या मापानं मात्र ती अजून नुसती लिहिलेली होती. लिहिलेली बंदिश गळ्यावर चढायची असते. तिच्यातून आलाप कुठे निघतो, बोलांना वाटा मिळतात का, द्रुतमध्ये ती तोंडात घोळते की अडखळते, हे गायल्याशिवाय कळत नाही. आपण गायलो तरी पुरत नाही, शिष्यानं गावी लागते. मामा नवी बंदिश आधी शिष्यांना शिकवतात आणि चूक कुठे होते ते बघतात. एकाच जागी तिघं चुकले तर वहीत खूण होते. ते म्हणतात, "तिघं चुकले म्हणजे चूक माझी."

म्हणजे पाश्चात्त्यांकडे पूर्ण म्हणजे कायमचं पूर्ण आणि आपल्याकडे सगळं मोकळंढाकळं, असं वाटेल. तसं नाही. फ्रेंच रचनाकार पिअर बुलेझ यांनी १९४५ मध्ये पियानोसाठी बारा छोट्या रचना लिहिल्या. पुढे सत्तरच्या दशकात त्यांनी त्या ऑर्केस्ट्रासाठी नव्यानं वाढवायला घेतल्या. २०१६ मध्ये ते वारले, तोवर बारापैकी पाचच झाल्या होत्या. हंगेरीचे ग्यॉर्गी कुर्ताग यांनी बेकेटच्या नाटकावर केलेला ऑपेरा २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये मिलानच्या ला स्कालात रंगमंचावर आला. रचनाकाराचं वय ९२ आणि हा त्यांचा पहिलाच ऑपेरा. त्यातही नाटकाचा काही भागच संगीतात आलेला. अमेरिकेच्या टेरी रायली यांनी तर १९६४ मध्ये ५३ छोटे तुकडे लिहून ठेवले. कितीही जणांनी वाजवावेत, प्रत्येकानं एकेक तुकडा हवा तितका घोळवावा आणि पुढे सरकावं. किती वेळ चालेल ते ठरलेलं नाही. हेच रायली पुढे किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचे शागीर्द झाले.

तेव्हा लिहिलेलं आणि न लिहिलेलं असा हा फरक नाही. बुलेझ अर्धवट ठेवून गेले तरी कुठल्या पाच झाल्या आणि कुठल्या सात नाहीत, हे बोट ठेवून दाखवता येतं. बदल केला तर नवी आवृत्ती होते आणि तिच्यावर साल पडतं. बंदिशीला साल नसतं. आमच्याच गावात १९१४ मध्ये कृष्णराव शंकर पंडितांनी काढलेली शाळा आहे, १९१८ मध्ये भातखंड्यांच्या पुढाकारानं आणि माधवराव शिंद्यांच्या आश्रयानं निघालेलं माधव संगीत महाविद्यालय आहे, शिवाय घरोघरची तालीम वेगळी. एकाच बंदिशीचा अंतरा या गल्लीत एका अंगानं आणि पलीकडच्या गल्लीत दुसऱ्या अंगानं ऐकू येतो. त्याला आवृत्ती नव्हे, पाठभेद म्हणतात, आणि कुठला पाठ खरा यावर ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या म्हाताऱ्यांनी संध्याकाळच्या संध्याकाळ काढल्या आहेत.

कायद्यालाही हे सुधरायला वेळ लागला. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात संगीतकृती म्हणजे लिहिलेली, छापलेली किंवा रेखाटलेली कृती, अशी व्याख्या होती. नुसती गळ्यात असलेली बंदिश त्या व्याख्येत बसतच नव्हती. ती अट १९९४ च्या दुरुस्तीनं गेली. स्कोअर लिहिणाऱ्यांना हा प्रश्न कधी पडलाच नसेल.

दोन्ही एकत्र आली की फरक सगळ्यात स्वच्छ दिसतो, आणि त्याचं उदाहरण ग्वाल्हेरचंच आहे. सरोदिये हाफिज अली खाँसाहेबांच्या घरात आता सरोद घर हे संग्रहालय आहे. त्यांचे चिरंजीव अमजद अली खाँ यांनी २००८ मध्ये सरोद आणि स्कॉटिश चेंबर ऑर्केस्ट्रासाठी 'समागम' केलं. ऑर्केस्ट्रातला प्रत्येक जण समोरचा कागद बघून वाजवतो. सरोदियाला कागद लागत नाही. पण तंतुवाद्यं कुठे थांबणार आणि कुठे पुन्हा येणार हे आधी ठरलेलं हवं, नाहीतर खाँसाहेब आलापात रमलेले आणि वीस व्हायोलिनवाले गज उचलून बसलेले. स्वर कागदावर उतरवून दोन्हींची सांधेजोड करायला कुणीतरी लागतं. या कामात ते ऑर्केस्ट्राचे संचालक डेव्हिड मर्फी होते.

हेच मर्फी रविशंकरांच्या शेवटच्या कामातही होते. महाभारतातल्या सुकन्या आणि च्यवन ऋषींच्या कथेवरचा ऑपेरा रविशंकरांनी घेतला होता आणि तो अर्धा असतानाच डिसेंबर २०१२ मध्ये ते गेले. मर्फींनी तो पूर्ण केला, २०१७ मध्ये तो इंग्लंडमध्ये रंगमंचावर आला. ऑपेरा होता म्हणून 'अपूर्ण राहिला' हे म्हणता आलं, आणि दुसऱ्यानं 'पूर्ण केला' हेही. मामांसारख्याची बंदिश त्यांच्या मागे अपूर्ण राहिली असं कुणी म्हणणार नाही. शिष्य गातील तशी ती राहील. बरी गायली नाही तर बिघडेल, ते वेगळं.

हे सगळं मी मुलीला सांगितलं तेव्हा तिनं रचनाकाराला शोभेल असंच केलं: लॅपटॉप उघडला आणि मामांची बंदिश पाच रेघांवर उतरवायला बसली. मामा शेजारी खुर्ची ओढून बसले. काम ठीक चाललं होतं, पण समेपाशी ती थांबली.

"'बा' किती मात्रांचा आजोबा?"

"दोन. कधी सहा."

"लिहू काय?"

"तीन लिही. गाणाऱ्याला कळतं."

तिनं तीन लिहिले आणि वाजवण्याचं बटण दाबलं. संगणकानं बिहाग बासरीच्या आवाजात, एकही मात्रा न चुकता वाजवला. मामांनी डोळे मिटून ऐकलं. पुन्हा लाव म्हणाले. तिसऱ्यांदा ऐकताना त्यांचं बोट 'टा'नंतरच्या रिकाम्या मात्रेवर थांबलं. तिथे काहीच नव्हतं, नुसता अवग्रह (ऽ), आधीचं अक्षर लांबवण्याची खूण, आणि संगणकाच्या सपाट वाजवण्यात ती मात्रा खड्ड्यासारखी ऐकू येत होती. गळ्यातून गाताना मींडेनं, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यानं, ती आजवर झाकली गेली होती.

त्यांनी प्रिंट मागितली. पेन्सिलीनं 'अटा' खोडून 'अटरिया' लिहिलं: अ, ट, रि, या, च, ढ, दे, खूं. आठ मात्रांना आठ अक्षरं, सम होती तिथेच, 'बा'वर. मुलीनं फाइल दुसऱ्या नावानं जतन केली आणि नावापुढे तारीख घातली. मामांनी वहीतला जुना शब्द खोडलाच नाही, त्याच्या डोक्यावर नवा लिहिला. परवा फोनवर विचारलं, तर म्हणाले सध्या तरी अटरिया आहे.