दहावीनंतरची दारं : बेळगाव सीमाभागाची पार्श्वभूमी

एसएसएलसीचा, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीचा, निकाल लागला की आमच्याकडच्या पेपरांचा मथळा ठरलेला : मुलींची बाजी. २०२४ ला कर्नाटकात ८१.११ टक्के मुली पास झाल्या आणि ६५.९० टक्के मुलगे. मग चहाच्या गाड्यावर कोणीतरी हमखास म्हणतो, ‘बाई-मास्तर मुलींना मार्क वाढवून देतात.’

मार्क्सकार्ड बघा. एकूण ६२५ गुण, त्यातले ५०० लेखी. उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, नंबर असतो. उरलेले १२५ अंतर्गत : पहिल्या भाषेला २५, बाकी पाच विषयांना वीस-वीस. हे वर्गावरचे शिक्षक देतात, त्यामुळे ‘वही नेटकी, पोरगी गुणाची’ म्हणून एखाद-दुसरा गुण सरकतही असेल. पण २०२४ ला पास होण्याएवढे गुण लेखीतही वेगळे मिळवावे लागत होते. पंधरा टक्क्यांची तफावत तेवढ्याने पडते, हे मला पटत नाही.

खरी गोष्ट गुणांच्या पुढची आहे, आणि ती जुनी आहे.

१९४५ साली, बेळगाव मुंबई इलाख्यात असताना, शहरात मिलिटरी स्कूल उभं राहिलं. फक्त मुलांसाठी. १९५६ ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. १९६९ मध्ये कित्तूरला राणी चन्नम्मांच्या नावानं मुलींची निवासी सैनिक शाळा निघाली. एकाच जिल्ह्यात आता दोन्ही होत्या, पण पुढचा रस्ता एक नव्हता. बेळगावच्या मुलाला एनडीएच्या, म्हणजे सैन्याधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, परीक्षेला बसता येई. कित्तूरच्या मुलीनं सगळी वर्षं पहाटे उठून कवायत केली तरी तिला फॉर्मच भरता येत नसे. शाळा चांगली, शिस्त चांगली, गुण चांगले, आणि दार बंद! सुप्रीम कोर्टाच्या ऑगस्ट २०२१ च्या आदेशानं ते उघडलं. एनडीएतल्या मुलींची पहिली तुकडी २०२५ ला बाहेर पडली, त्यात सतराजणी होत्या. मिलिटरी स्कूलनंही मुली घ्यायला सुरुवात केली ती त्या कोर्टकचेरीनंतरच.

मराठी शाळेतल्या मुलीचा पेच आणखी निराळा. दहावीपर्यंत मराठी, पीयूसीला (अकरावी-बारावीला) सायन्स घेतलं की एकदम इंग्रजी. तो मुलांनाही असतो म्हणा. पण बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या जंगलपट्टीतल्या घरात मुलीच्या अॅडमिशनच्या वेळी पहिला प्रश्न येतो, ‘संध्याकाळची शेवटची गाडी किती वाजता?’ मुलाच्या वेळी हा प्रश्न मी ऐकलेला नाही. ११ जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेत बायकांना राज्याच्या साध्या बसमध्ये तिकीट लागत नाही. पैशाचा प्रश्न सुटला, गाडीच्या वेळेचा नाही.

तिकडे महाराष्ट्रानं आपला दावा असलेल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलामुलींसाठी मेडिकलसारख्या शिक्षणात काही जागा राखल्या आहेत. त्यासाठी गावाचा दाखला आणि मातृभाषेचा दाखला लागतो. ते गोळा करायला तहसीलला खेटे घालावे लागतात, आणि मुलीबरोबर बहुतेक वेळा एका दिवसाची मजुरी बुडवून बापाला जावं लागतं.