मॅक्ससाइझ आणि मॅक्सलेन: भरल्यावर काय होतं?

पायथनमध्ये एका थ्रेडकडून (प्रोग्राममध्ये इतरांसोबत एकाच वेळी चालणारा कामाचा धागा) दुसऱ्याकडे काम सोपवायचं असेल तर दोन गोष्टी चटकन हाताशी येतात. क्यू मॉड्यूलमधली क्यू, म्हणजे आधी आलेलं आधी बाहेर काढणारी रांग, आणि कलेक्शन्स मॉड्यूलमधला डेक, म्हणजे दोन्ही टोकांनी टाकता-काढता येणारी यादी. दोन्हींना कमाल लांबी ठरवून देता येते, क्यूला मॅक्ससाइझ आणि डेकला मॅक्सलेन. अनेक थ्रेड एकाच वेळी एका टोकाने टाकत आणि दुसऱ्या टोकाने काढत असले तरी दोन्हींची आतली रचना बिघडत नाही. मग कोणीतरी म्हणतं, डेक हलका आहे, वेगवान आहे, तोच बसवू. टेस्टमध्ये काहीच वेगळं दिसत नाही, कारण टेस्टमध्ये रांग भरतच नाही.

मर्यादा १०० ठेवली आहे आणि १०१वी नोंद आली असं समजा. क्यूवर पुट करणारा, म्हणजे नोंद आत टाकणारा थ्रेड तिथेच थांबतो. कोणीतरी गेट करून, म्हणजे नोंद बाहेर काढून, जागा मोकळी करेपर्यंत तो पुढच्या ओळीवर जात नाही, आणि किती वेळ थांबायचं हे सांगितलं नसेल तर अनंतकाळ थांबतो. डेकवर अपेंड करणारा, म्हणजे शेवटी नोंद जोडणारा थ्रेड मात्र क्षणभरही थांबत नाही. नवी नोंद आत जाते आणि सगळ्यात जुनी दुसऱ्या टोकाने बाहेर पडते, सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमध्ये जुन्या फुटेजवर नवं चढतं तशी. एरर नाही, इशारा नाही, काय गेलं हे सांगणारी किंमतही परत मिळत नाही. पेमेंटच्या नोंदी अशा डेकमधून जात असतील तर हिशेब जुळत नाही हे कळायला महिनाअखेर उजाडते.

गंमत म्हणजे क्यूच्या पोटात डेकच आहे, फक्त मॅक्सलेन न दिलेला. त्याच्याभोवती एक लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत येऊ देणारं कुलूप) आणि त्या लॉकवर बसवलेल्या तीन कंडिशन (थ्रेडनी थांबून उठवलं जाण्याची वाट बघायच्या जागा) असतात: रिकामी नाही, भरलेली नाही आणि सगळी कामं झाली. पुट आधी लॉक घेतं, लांबी मर्यादेला पोचली आहे का बघतं, आणि पोचली असेल तर ‘भरलेली नाही’ या कंडिशनवर वेट करतं. वेट करताना लॉक सुटतो, म्हणून गेट करणाऱ्याला आत येता येतं. तो एक नोंद काढतो आणि थांबलेल्यांपैकी एकाला उठवतो. उठलेला थ्रेड जागा आहे का हे पुन्हा तपासतो, कारण मधल्या मध्ये तिसऱ्याच थ्रेडने ती पटकावलेली असू शकते. याच कारणामुळे ‘फुल आहे का’ विचारून मग पुट करण्यात अर्थ नाही. उत्तर हातात येईपर्यंत ते शिळं झालेलं असतं.

हे थांबणं बहुतेक वेळा हवंच असतं. फाइल वाचणारा थ्रेड डेटाबेसमध्ये लिहिणाऱ्यापेक्षा कितीतरी वेगवान असतो. मर्यादा नसेल तर तो सगळी फाइल मेमरीत ओतून मोकळा होतो. मर्यादा असली की त्याचा वेग आपोआप लिहिणाऱ्याच्या वेगावर येतो. पण त्यासाठी पलीकडे कोणीतरी काढत राहिलं पाहिजे. लिहिणारा थ्रेड एखाद्या न पकडलेल्या एक्सेप्शनने (चालताना उद्भवलेल्या चुकीने) मेला, तर वाचणारा पुटमध्ये अडकून राहतो आणि प्रोग्राम हँग होतो.

याहून फसवा प्रकार क्रॉलरमध्ये, म्हणजे लिंकमागून लिंक पकडत वेबपानं उतरवणाऱ्या प्रोग्राममध्ये दिसतो. ८ थ्रेड एका क्यूतून वेबपत्ते काढतात, पानं उतरवतात आणि त्यात सापडलेले नवे पत्ते त्याच क्यूत टाकतात. मॅक्ससाइझ १०० आहे आणि प्रत्येक पानावर ४० लिंक. थोड्याच वेळात आठही थ्रेड पुटमध्ये अडकतात आणि गेट करायला कोणी उरतच नाही. इथे १०० चे १०,००० केल्याने घटका फक्त लांबते. जे थ्रेड काढतात तेच भरतात अशी रचना असेल तर त्या क्यूला मर्यादा घालूच नये, आणि मेमरीचा प्रश्न वेगळ्या ठिकाणी सोडवावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

रिकामेपणातही दोघं वेगळे वागतात. रिकाम्या क्यूवर गेट शांतपणे वाट बघतं. रिकाम्या डेकवर पॉपलेफ्ट (डाव्या टोकाची नोंद काढणं) थेट इंडेक्सएरर देतं. म्हणजे डेकमधून काम उचलणारा थ्रेड पुन्हा पुन्हा डोकावत राहणार, एकतर सीपीयू जाळत नाहीतर मध्ये स्लीप घालत. शिवाय एक थ्रेड डेकवर फॉर लूप चालवत असताना दुसऱ्याने अपेंड केलं तर रनटाइमएरर येते. शेवटच्या ५०० लॉग ओळी, सेन्सरची ताजी मापं, चालती सरासरी अशा कामांना डेकइतकं सोयीचं दुसरं काही नाही. तिथे जुनं गेलेलंच बरं.

शून्याच्या बाबतीत तर दोघं अगदी विरुद्ध टोकांना आहेत. मॅक्ससाइझ शून्य म्हणजे मर्यादाच नाही, आणि न सांगता मिळणारी किंमतही तीच. मॅक्सलेन शून्य म्हणजे डेकमध्ये काहीच टिकत नाही, आलं की गेलं. कॉन्फिग फाइलमधून आकडा वाचत असाल तर शून्य वेगळं तपासा.

क्यू घेतली म्हणजे थांबणं आलंच असंही नाही. पुट-नोवेट, म्हणजे न थांबणारं पुट वापरलं तर भरलेल्या क्यूवर फुल हे एक्सेप्शन मिळतं. लॉगिंग मॉड्यूलचा क्यूहँडलर (लॉगसंदेश क्यूत टाकणारा भाग) हेच वापरतो. त्यामुळे त्याला मर्यादित क्यू दिली आणि ती भरली, तर तुमचा थ्रेड अडकत नाही, पण तो लॉगसंदेश क्यूत पोचत नाही. फक्त स्टँडर्ड एररवर ट्रेसबॅक (चूक कुठे झाली याचा तपशील) उमटतो, आणि सर्व्हरवर तो कोण बघतं?

थांबवण्याची अडचण मात्र बरीच वर्षं राहिली. कामगार थ्रेडना ‘संपलं’ कळवायला क्यूत नन (पायथनमधली ‘काहीच नाही’ ही किंमत) टाकायची पद्धत आहे, पण क्यू भरलेली असेल तर तो ननसुद्धा पुटमध्येच अडकतो. २०२४ मध्ये आलेल्या पायथन ३.१३ मध्ये क्यूला शटडाउन मिळालं. ते बोलावलं की पुटमध्ये अडकलेले थ्रेड शटडाउन याच नावाचं एक्सेप्शन घेऊन मोकळे होतात, आणि आधी आत असलेल्या नोंदी गेटने संपेपर्यंत काढता येतात.