सहावे बोट आणि दहा लाख अक्षरांचे अंतर

अंगठ्याशेजारी जास्तीचे बोट घेऊन मूल जन्मले, की मुंबईतल्या शिकल्यासवरलेल्या घरांतही आईला ग्रहणात विळीवर भाजी चिरल्याची आठवण करून दिली जाते. बाळंतिणीला अपराधी ठरवणारा हा समज निखालस खोटा आहे, आणि काही कुटुंबांतले खरे कारण तर डीएनएतल्या नेमक्या अक्षरापर्यंत शोधले गेले आहे.

गर्भाच्या हाताच्या कोंबात सोनिक हेजहॉग हे जनुक एरवी फक्त करंगळीच्या बाजूला चालू होते; अंगठ्याच्या बाजूलाही ते चालू झाले, तर तिथे जास्तीचे बोट फुटते. या कुटुंबांत जनुक स्वतः निर्दोष असते. एक अक्षर बदललेले असते ते त्याला चालू करणाऱ्या डीएनएच्या तुकड्यात, म्हणजे एन्हान्सरमध्ये, आणि हा एन्हान्सर सुमारे 10 लाख अक्षरे दूर, भलत्याच जनुकाच्या पोटात असतो. चर्चगेटला कळ दाबावी आणि विरारला दिवा लागावा, तसे हे आहे.

एवढा डीएनए सरळ ताणला तर मिलिमीटरचा तिसरा हिस्सा भरेल, आणि पेशीचे केंद्रक मिलिमीटरच्या जेमतेम शंभराव्या भागाएवढे असते. म्हणून डीएनए आठ-आठ हिस्टोन प्रथिनांच्या गाभ्यांभोवती, दर गाभ्याला सुमारे 147 अक्षरे, असा गुंडाळलेला असतो; हेच क्रोमॅटिन. हिस्टोनच्या शेपटांवर ॲसिटिल गट (छोटे रासायनिक तुकडे) चिकटले की त्यांचा धनभार कमी होतो, ऋणभारित डीएनएवरची पकड सैलावते आणि एन्हान्सरवर प्रथिनांना बसता येते.

पण अंतर कसे तुटते? इथे कोहेसिन येते, आणि पेशीतल्या साऱ्या यंत्रणांत मला हीच सर्वांत विलक्षण वाटते. कड्याच्या आकाराचे हे प्रथिन एटीपीची, म्हणजे पेशीच्या इंधनाची, ऊर्जा खर्च करत क्रोमॅटिनचा धागा आपल्यातून ओढत राहते, त्यामुळे मधल्या डीएनएचा फास वाढत जातो, आणि सीटीसीएफ नावाचे प्रथिन ठरावीक दिशेला तोंड करून बसलेले असेल तिथे ही ओढ सहसा थांबते. अशा एका फासातले एन्हान्सर व जनुके एकमेकांजवळ वारंवार येतात. फासाबाहेरच्या जनुकांशी गाठ क्वचितच पडते.

उंदराचा हा एन्हान्सर काढून त्या जागी अजगराचा बसवला, तेव्हा पिल्लांचे पाय खुंटले. माणसाचा बसवला तेव्हा ते नीट वाढले. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात जनुकाला हातही लावलेला नव्हता.

‘संपूर्ण जनुकीय तपासणी’च्या जाहिराती वाचताना हे ध्यानात ठेवावे. अनेक चाचण्या प्रथिने बनवण्याची कृती सांगणारा, एकूण डीएनएचा जेमतेम दीड-दोन टक्के भागच वाचतात. सोनिक हेजहॉगचा हा एन्हान्सर त्या भागात मोडत नाही, त्यामुळे त्यातला बदल अशा अहवालात बहुधा दिसणारच नाही.